भाड्याचे घर, मालकीचे घर आणि आपला हिशेब

आपल्या समाजातल्या मुलाला किंवा मुलीला नोकरी लागली की पहिल्या वर्षी नातेवाईक पगार विचारतात आणि दुसऱ्या वर्षापासून विचारू लागतात, ‘घराचं काय केलं?’ लग्न जुळवताना तर हा प्रश्न सगळ्यांच्या आधी येतो. मुलगा भाड्याने राहतो म्हटले की समोरच्यांचा चेहरा उतरतो. भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की ते खरे आहे की नाही, याचा विचारही करीत नाही. दुसरीकडे शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आर्थिक सल्लागार तक्ते छापतात आणि घर घेण्यापेक्षा भाड्याने राहणे कसे फायद्याचे आहे, हे पटवून देतात. त्यांच्या तक्त्यात घराची किंमत असते, व्याजाचा दर असतो, भाडेवाढ असते. आडनावाचा रकाना मात्र त्यात नसतो. घरमालक दार उघडून आधी ‘आडनाव काय?’ आणि मग ‘गाव कोणतं?’ विचारतो, त्या माणसाचा हिशेब या तक्त्यात बसत नाही.

म्हणूनच हा प्रश्न आपण आपल्या बाजूने तपासला पाहिजे, असे आम्हास वाटते. केवळ भावनेने घर घेऊन आयुष्यभर कर्ज फेडणे जसे घातक, तसेच केवळ आकडे पाहून भाड्याने राहा म्हणणेही अपुरे आहे. आकडे आणि अनुभव दोन्ही समोर ठेवूनच निर्णय घ्यावा लागेल.

आधी अनुभव. भाड्याची जागा मिळणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांइतके कुणी भोगले असेल? १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी उतारशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना त्याच दिवशी जागा सोडण्यास भाग पाडले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही वेगवेगळ्या सबबी सांगितल्या. रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी तो दिवस बडोद्याच्या सार्वजनिक बागेत काढला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग स्वतः लिहिला आहे. खिशात भाडे भरण्याइतके पैसे होते, संस्थानची नोकरी होती, कोलंबियासारख्या विद्यापीठातले शिक्षण होते. तरीही छप्पर मिळाले नाही, कारण भाड्याच्या बाजारात पैशाआधी जात मोजली जात होती.

याच बाबासाहेबांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे मात्र भाड्याच्याच खोलीत गेली. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांच्या कुटुंबाने दोन दशके काढली. महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषद हे सारे त्या काळातले आहे. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले, आणि ते बांधताना ग्रंथसंग्रहाचा विचार आधी केला. आयुष्याची शेवटची वर्षे मात्र ते दिल्लीत २६, अलीपूर रोडच्या बंगल्यात राहिले. तो बंगला त्यांच्या मालकीचा नव्हता, सिरोहीच्या महाराजांचा होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले ते त्याच घरात. ज्या कामासाठी जी जागा लागते ती घ्यावी आणि घर कामाच्या आड येऊ देऊ नये, एवढा बोध या साऱ्यातून आपल्याला घेता येतो.

बीआयटी चाळीत जागा मिळाली आणि बडोद्यात मिळाली नाही, याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. बडोद्यात मालक खासगी होता. परळच्या चाळी मुंबईच्या सुधारणा न्यासाने बांधलेल्या होत्या. १८९६ च्या प्लेगनंतर हा न्यास १८९८ साली स्थापन झाला. पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ बीडीडी चाळी उभ्या केल्या. १६० चौरस फुटांची एकेक खोली, मजल्याच्या टोकाला सामायिक शौचालये. या जागा सुखाच्या नव्हत्या. पण तिथे मालक सरकार होते. खोली मिळवताना एखाद्या शेटच्या घराचा उंबरठा झिजवावा लागत नव्हता. गावातून मुंबईत आलेल्या आपल्या पहिल्या पिढीला या सरकारी आणि निमसरकारी भाडेपट्ट्याने शहरात पाय रोवायला जागा दिली. या खोल्यांतून गिरणी कामगार घडले, शाहीर घडले, कार्यकर्ते घडले. पँथरच्या काळात, जानेवारी १९७४ मध्ये, वरळीच्या याच चाळींनी दंगल सोसली. पुनर्विकासानंतर १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तीन-चार पिढ्या भाडेकरू राहिलेली कुटुंबे मालक झाली. ही कुटुंबे भाड्याने राहिली म्हणून त्यांचे नुकसान झाले, असे कोणी म्हणू शकेल काय? भाडे परवडणारे होते आणि मालकाला मनमानी करून बाहेर काढता येत नव्हते, म्हणूनच त्यांना मुले शिकवता आली.

आज ते दिवस राहिले नाहीत. सार्वजनिक भाड्याची घरे बांधणे सरकारने जवळजवळ सोडून दिले. नोकरीसाठी पुण्यात, नवी मुंबईत किंवा नागपुरात गेलेल्या आपल्या तरुणाला खासगी मालकाच्याच दारात उभे राहावे लागते. तिथे कोणी जात थेट विचारत नाही. ‘आडनाव काय?’, ‘व्हेज की नॉनव्हेज?’, ‘फॅमिली कुठली?’ असे प्रश्न येतात आणि संध्याकाळी दलालाचा फोन येतो की मालकाच्या भाच्यालाच जागा लागणार आहे. हा आपला संशय नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत पाहणी केली. सारखे शिक्षण आणि सारखी ऐपत असलेली माणसे वेगवेगळ्या आडनावांनी भाड्याचे घर शोधायला पाठवली. दलित आणि मुस्लिम नावांच्या वाट्याला नकार आले, जाचक अटी आल्या, जादा भाडे आले. २०१५ साली हा अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाला.

कायदा मात्र आपल्या हाती आहे आणि त्याची माहिती फार थोड्यांना आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, मिळवण्यास किंवा त्यात राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा आहे. त्यास एक ते सहा महिने कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. त्याच कायद्याचे कलम १२ तर अधिक महत्त्वाचे. असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते, आणि तसे नव्हते हे आरोपीला सिद्ध करावे लागते. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. तरीही या कलमाखाली घर नाकारल्याची तक्रार करायला कोण जातो? ज्याला सोमवारी कामावर हजर व्हायचे असते, तो पोलीस ठाण्याची पायरी चढण्याऐवजी दुसऱ्या दलालाला फोन करतो. ते स्वाभाविकही आहे. पण दलालाचा संदेश, फोनवरचे बोलणे, तारीख, साक्षीदार एवढे जपून ठेवले, तरी पुढे संघटनेला लढायला काही हाती राहते.

या अनुभवातून मालकीच्या घराची ओढ निर्माण होते आणि ती खोटी नाही. मालकीच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर लावताना कुणाची परवानगी लागत नाही. १४ एप्रिलला दारात निळा झेंडा लागतो. गावाकडचे चार पाहुणे आले म्हणून कुणी टोकत नाही. दर ११ महिन्यांनी बिऱ्हाड हलवावे लागत नसल्याने मुलांची शाळा बदलत नाही. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढायची वेळ आली तर बँकेपुढे तारण ठेवायला काही असते. अनेक पिढ्या ज्यांना गावाबाहेर ठेवले गेले, त्यांच्यासाठी स्वतःच्या नावाची पाटी असलेले दार ही मोठी गोष्ट आहे. सल्लागाराच्या तक्त्यात हा लाभ कधीच धरला जात नाही. आपण तो धरला पाहिजे.

पण धरायचा म्हणजे नेमका किती? यासाठी आता आकड्यांकडे वळू. समजा, शहराच्या उपनगरात एक सदनिका ४० लाखांची आहे. तशीच सदनिका भाड्याने घेतली तर महिन्याला १०,००० रुपये पडतात. आपल्याकडच्या शहरांत वर्षाचे भाडे किमतीच्या दोन ते तीन टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे हा आकडा अवास्तव नाही. विकत घ्यायची तर ८ लाख स्वतःचे घालावे लागतील, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे सुमारे ३ लाख. उरलेल्या ३२ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी काढले तर हप्ता येतो २७,७७० रुपये. २० वर्षांत बँकेला दिलेली रक्कम ६६ लाख ६५ हजारांच्या घरात जाते. त्यात निव्वळ व्याज ३४ लाख ६५ हजार. भाडे पाण्यात जाते म्हणणाऱ्यांनी हे व्याज कुठे जाते, याचाही विचार करावा.

आता भाडेकरूचा हिशेब. भाडे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले तर २० वर्षांत तो ३९ लाख ७० हजार रुपये भाडे भरेल. मालकाने सुरुवातीला घातलेले ११ लाख भाडेकरूने ७ टक्के दराने गुंतवले, आणि हप्ता अधिक महिन्याची २,००० रुपये देखभाल यांतून भाडे वजा जाता उरणारी रक्कमही दर महिन्याला न चुकता तशीच गुंतवली, तर करापोटी काही न जाता २० वर्षांनी त्याच्याकडे सुमारे १ कोटी १६ लाख जमतात. तिकडे मालकाच्या घराची किंमत वर्षाला ४ टक्क्यांनी वाढली तर ८७ लाख होते, ५ टक्क्यांनी वाढली तर १ कोटी ६ लाख आणि ६ टक्क्यांनी वाढली तर १ कोटी २८ लाख. म्हणजे घराची किंमत वर्षाला साडेपाच टक्क्यांहून जास्त वाढणार असेल तर मालक पुढे, नाहीतर भाडेकरू पुढे. दोन्हींत फार अंतर नाही.

या हिशेबातला ‘न चुकता’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्या घरांतून नोकरीला लागलेला माणूस बहुधा घरातला पहिला पगारदार असतो. बहिणीचे लग्न, वडिलांचे आजारपण, पुतण्याची फी हे सारे त्याच्याच पगारातून जाते, आणि जावेही. अशा माणसाच्या हाती पहिल्या महिन्याला उरलेले १९,७७० रुपये २० वर्षे शाबूत राहतील काय? घराचा हप्ता ही सक्तीची बचत असते. बँक कापून घेते, म्हणून ती होते. मालकीच्या घराच्या बाजूने हा एक भक्कम मुद्दा आहे. पण त्याचीच दुसरी बाजूही पाहावी लागते. नोकरी गेली तर भाडेकरू लहान खोलीत जाऊ शकतो, गावी जाऊ शकतो. हप्ता मात्र थांबत नाही. ९० दिवस हप्ता थकला की कर्ज थकीत ठरते, आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन बँक घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागते. आज आपले किती तरी तरुण कंत्राटी पद्धतीने काम करतात. वर्षभराच्या करारावर २० वर्षांचे कर्ज घेणे म्हणजे डोळे बांधून रस्ता ओलांडणे आहे.

आणखी एक गोष्ट बांधकाम व्यावसायिकाच्या जाहिरातीत कधी दिसत नाही. वरच्या उदाहरणातल्या पहिल्या हप्त्यात २२,६६७ रुपये व्याजाचे असतात आणि मुद्दल फिटते फक्त ५,१०० रुपये. पाच वर्षांत १६ लाख ६६ हजार भरूनही मुद्दल कमी होते अवघे ३ लाख ८० हजार. ज्याची बदलीची नोकरी आहे किंवा ज्याला पाच वर्षांत शहर सोडावे लागेल, त्याने घर घेऊन विकण्याच्या भानगडीत पडू नये. मुद्रांक शुल्क, दलाली आणि सुरुवातीचे व्याज यांत त्याची कमाई जाते. कर वाचतो म्हणून घर घ्या, हा सल्लाही आता जुना झाला. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाच्या व्याजाची वजावट मिळत नाही.

मग किती कर्ज झेपेल? हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाहून जास्त हप्ता असू नये, असा साधा नियम पाळावा. ५० हजार हाती येणाऱ्याला १७ हजारांचा हप्ता, म्हणजे सुमारे साडेएकोणीस लाखांचे कर्ज. २७,७७० च्या हप्त्यासाठी हाती ८३ हजार यायला हवेत. यापलीकडे गेलेले कर्ज कुठून फेडले जाते, हे आपण आजूबाजूला पाहतो. आधी मुलीची शिकवणी बंद होते, मग मुलाला अभियांत्रिकीऐवजी लगेच नोकरी देईल असा छोटा अभ्यासक्रम घ्यायला लावले जाते, मग वर्तमानपत्र आणि पुस्तके बंद होतात. घराच्या हप्त्यासाठी शिक्षणाला कात्री लागत असेल, तर ते घर आपल्याला पुढे नेत नाही. बाबासाहेबांनी कर्ज काढले ते शिकण्यासाठी आणि पुस्तकांसाठी, हे आपण विसरून चालणार नाही.

मालकी म्हणून जी गोष्ट आपल्याला विकली जाते, ती खरोखरच मालकी असते काय, हेही तपासले पाहिजे. वसई-विरारमध्ये नालासोपारा येथे कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. लोकांनी आयुष्याची पुंजी घालून त्यांत घरे घेतली. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या सुरुवातीला त्या इमारती पाडल्या गेल्या. डोंबिवली परिसरात बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश २०२४ मध्ये झाला. विरारला ऑगस्ट २०२५ मध्ये रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे गेली. अशा घरांत राहणारे लोक गरीब आणि निम्न मध्यमवर्गीय असतात. शहरात परवडणारे एवढेच मिळते म्हणून ते घेतात. भाडेकरूचे यात अनामत रकमेचे नुकसान होते, मालकाचे मात्र सारे आयुष्य उद्ध्वस्त होते. स्वस्तात मिळते म्हणून बिनकागदाचे घर घेण्यापेक्षा कागद असलेल्या घरात भाड्याने राहणे केव्हाही शहाणपणाचे.

म्हणून घर घेताना मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला आणि तयार इमारत असल्यास भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. महारेराचा क्रमांक दाखवला तरी महापालिकेत जाऊन परवानगी खरी आहे की नाही, हे स्वतः पाहावे. जमिनीच्या मालकी हक्काचा शोध वकिलाकडून घ्यावा. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यास २०१६ च्या रेरा कायद्याने बांधकाम व्यावसायिकाला मनाई आहे, हे लक्षात ठेवावे. आणि शक्य असेल तर घर पत्नीच्या नावावर घ्यावे. महिलेच्या नावावर निवासी घर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे. ४० लाखांच्या घरात ४० हजार वाचतात. पण पैशापेक्षाही मोठी गोष्ट ही की उद्या काही वाईट घडले, तर त्या बाईला कुणाच्या दयेवर राहावे लागत नाही.

काही बांधवांसाठी मात्र मालकीचे घर हा प्रश्न फायद्या-तोट्याच्या पलीकडचा आहे. सफाई कामगारांचेच घ्या. महापालिकेचे सेवानिवासस्थान हे खरे तर स्वस्त भाड्याचे घर. पण ते झाडूला बांधलेले असते. कामगार निवृत्त झाला की खोली सोडावी लागते. खोली राहावी म्हणून लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाहक्काने मुलगा त्याच कामावर लागतो. पदवी घेतलेला मुलगा घरासाठी गटारात उतरतो, याला घर म्हणायचे की बेडी? २५ वर्षे सेवा केलेल्या सफाई कामगारांना मालकीचे घर देणारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य योजना कागदावर आहे. प्रत्येक नगरपालिकेत ती किती जणांपर्यंत पोहोचली, याचा जाब युनियनने आणि आपल्या नगरसेवकांनी विचारायला हवा. इथे मालकी मिळाली तरच पुढच्या पिढीच्या हातातला झाडू सुटेल.

गावाकडचा प्रश्न आणखी वेगळा. बौद्धवाड्यातले घर आपलेच असते, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतो, ग्रामपंचायतीची घरपट्टी भरतो. पण नमुना आठचा उतारा म्हणजे घरपट्टीची नोंद. तेवढ्याने जमिनीची मालकी सिद्ध होत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. मोजणी होताना आपल्या वस्तीची हद्द बरोबर लागली की नाही, समाजमंदिराची जागा कुणाच्या नावावर चढली, हे पाहायला आपला माणूस हजर हवा. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीची रमाई आवास योजनाही जागा नावावर असल्याशिवाय मिळत नाही. शहरात २० वर्षे हप्ते भरणारा भाऊ गावच्या घराचा एक कागद करून ठेवत नाही, असे अनेक घरांत दिसते. तो कागद सर्वांत स्वस्त मालकी आहे.

ज्याला आज घर घेणे झेपत नाही, त्याने कमीपणा मानण्याचे कारण नाही. पण भाड्याने राहायचे तर कायद्याने राहावे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वाद झाल्यास भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरल्या जातात. साध्या मुद्रांकावर सही करून गप्प बसणे आपल्याच तोट्याचे. भाडे बँकेतून द्यावे, अनामत रकमेची पावती घ्यावी, जागा घेतानाच भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून ठेवावेत. मात्र मुदत संपली की जागा सोडावी लागते हेही लक्षात असू द्यावे. कलम २४ नुसार मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट रक्कम भरण्याची वेळ येते.

आता थोडे आपल्या घरात पाहू. आपल्यातल्या ज्यांनी दुसरे घर घेऊन भाड्याने दिले आहे, ते कुणाला देतात? मातंग, चर्मकार, वाल्मिकी बांधव जागा मागायला आले, मुस्लिम कुटुंब आले, एकटी नोकरी करणारी मुलगी आली, तर आपण काय उत्तर देतो? ‘सोसायटीवाले ऐकणार नाहीत’ ही सबब आपणही सांगत असू, तर बडोद्याच्या त्या मित्रांत आणि आपल्यात फरक काय राहिला? वस्तीतल्या विहारात भाड्याच्या घरांची एक वही ठेवता येईल. ज्याच्याकडे जागा आहे त्याने नोंदवावी, ज्याला हवी आहे त्याने पाहावी. जात, पोटजात, धर्म विचारायचा नाही, करार नोंदणीकृत करायचा, एवढे दोन नियम. यासाठी सरकारची वाट पाहावी लागत नाही.

सरकारकडे मागायचे ते वेगळे. खासगी सोसायट्यांची दारे न्यायालयानेही पूर्ण उघडलेली नाहीत. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा केवळ आपल्याच समाजाला सभासदत्व देण्याचा नियम ग्राह्य धरला. विकत घ्यायला गेलो तरी आडनाव आडवे येऊ शकते, ते असे. म्हणून घर भाड्याने देताना किंवा विकताना जात-धर्मावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध स्पष्ट आणि स्वतंत्र कायदा हवा. आणि म्हाडा, सिडको, महापालिका यांनी विक्रीच्या घरांबरोबर भाड्याचीही घरे मोठ्या संख्येने बांधली पाहिजेत. शंभर वर्षांपूर्वी परक्या सरकारला बीडीडी चाळी बांधता आल्या, तर आपल्या सरकारला आपल्या कामगारांसाठी, शिकायला आलेल्या मुलामुलींसाठी तशी सोय चांगल्या दर्जाची का करता येऊ नये? निवडणुकीत उमेदवार मते मागायला येईल तेव्हा हा प्रश्न त्याच्यापुढे मांडला पाहिजे.

तोपर्यंत प्रत्येकाने आपापला हिशेब मांडावा. नोकरी कायम आहे, किमान दहा वर्षे याच शहरात राहायचे आहे, हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्शात बसतो, कागद स्वच्छ आहेत आणि मुलांच्या शिक्षणाचे पैसे वेगळे काढलेले आहेत, अशा कुटुंबाने जरूर घर घ्यावे. लहान का असेना, घ्यावे. यातली एखादी गोष्ट कमी असेल तर भाड्याने राहावे, नोंदणीकृत करार करावा आणि हप्त्याइतकी नाही तरी निम्मी रक्कम दर महिन्याला बाजूला टाकावी. लग्नाच्या बैठकीत कुणी ‘स्वतःचं घर आहे का?’ असे विचारले, तर मुलाचे शिक्षण किती आणि डोक्यावर कर्ज किती, हेही विचारण्याची सवय आता आपल्या वडीलधाऱ्यांनी लावून घ्यावी. घराच्या प्रश्नावर आपल्या वस्त्यांतून, विहारांतून चर्चा सुरू व्हावी, एवढीच आमची अपेक्षा.